काळ्या मातीवर बसवलेलं प्रीफॅब घर : दारं अडकतात, जोडातून गळतं, आणि कंपनी म्हणते "सिव्हिल तुमचं"

शेतावरची

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण उद्याच कंपनीचा माणूस यायचाय म्हणून सगळं एकदमच लिहिते.

गिरणाऱ्याच्या अलीकडे आमचं थोडं रान आहे. ह्यांची प्रेसमधली नोकरी संपली, नाशिक रोडचा फ्लॅट मुला-सुनेला मोकळा करून दिला आणि आम्ही दोघं इकडे आलो. विटा-वाळू-सेंट्रिंगच्या मागे वर्ष घालवायची ताकद नव्हती, म्हणून तयार घर घेतलं. (एनए, परवानगी सगळं झालंय. कृपया धागा तिकडे नेऊ नका.) साडेनऊ लाख अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे अकरा लाख एकवीस हजार. त्यातले नव्वद हजार अजून आमच्याकडे आहेत. "काम पसंत पडल्यावर द्या" हे त्यांचेच शब्द, आणि काम पसंत पडलेलं नाही.

घर दोन तुकड्यांत आलं, प्रत्येकी ३० बाय १० फूट. ट्रेलरवरून आणलं, हायड्रा क्रेनने उचलून काँक्रीटच्या सोळा पेडेस्टलवर (बुटक्या खांबांवर, चार रांगा, प्रत्येकीत चार) ठेवलं आणि मधोमध बोल्ट मारून जोडलं. लांबी दक्षिणोत्तर. छपराचा कणा बरोबर जोडावर, उतार पूर्वेला आणि पश्चिमेला. पेडेस्टल आमच्या गावच्या मिस्त्रीने केले, पण कंपनीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या ड्रॉइंगप्रमाणे. जमीन काळी. एप्रिलमध्ये खड्डे घेतले तेव्हा भेगांत बोटं जात होती.

उन्हाळाभर घर झकास. जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि एकेक सुरू झालं. पश्चिमेकडच्या बेडरूमचं दार वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं, आता खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. बाथरूमचं दार मात्र कडी काढली की आपोआप पुढे येतं. बाथरूममध्ये पाणी जाळीकडे जायचं सोडून उलट्या कोपऱ्यात साचतं, मी खराट्याने लोटते. बेडरूमच्या फरशीवर हरभरा टाकला तर तो सरळ मधल्या जोडाकडे घरंगळत जातो (नातवाने शोध लावला, त्याची करमणूक झाली). जोडावरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली फट पडलीये, रुपयाचं नाणं उभं राहतं. वर छपराच्या जोडातून टपटप. सिमेंट बोर्डाच्या सांध्यांवर केसासारख्या रेघा. रात्री नऊ-दहाच्या सुमारास छपरातून टण्... टण्... असा आवाज येतो, हे म्हणतात भूत नाही, स्टील आहे. आणि बाथरूमच्या लोखंडी चौकटीला ओल्या हाताने धरलं की बारीक झिणझिण्या येतात.

त्यांचा माणूस एकदा येऊन जोडात सिलिकॉन भरून गेला. दोन दिवस घरात व्हिनेगरचा वास, तिसऱ्या दिवशी पुन्हा टपटप. आता साइट इंजिनीअर म्हणतो, "मॅडम, मधला भाग बसलाय. तुमच्या मिस्त्रीचं काँक्रीट कच्चं. फाउंडेशन आमच्या स्कोपमध्ये नाही, वॉरंटीत तसं लिहिलंय." मिस्त्री म्हणतो, "मी कागदावर होतं तेवढंच केलं." ट्रान्सपोर्टवाल्याला विचारावं तर तो तिसराच.

उद्या त्यांचा सुतार येणार आहे, बेडरूमच्या दाराला रंधा मारायला. मारू द्यावा का? आणि ह्या सगळ्यात आधी कशाला हात घालायचा?

तारवाला

ताई, बाकीचं राहू द्या. चौकटीला झिणझिण्या येतात हे वाचूनच मी लिहायला बसलो. आत्ता उठा, बाथरूमची लाइन आणि गिझरचा एमसीबी खाली पाडा. कुठला कोणता ते कळत नसेल तर मेन पाडा आणि आजची रात्र टॉर्चवर काढा. चेष्टा नाही.

लोखंडी सांगाड्याचं घर आहे. कुठेतरी फेजची तार सांगाड्याला टेकली की सगळं घरच तारेला लागतं. अर्थिंग धड असेल तर करंट जमिनीत जातो आणि काहीतरी ट्रिप होतं. तुम्हाला झिणझिण्या येतायत म्हणजे त्याला तो रस्ता मिळत नाहीये, तुमच्या हातातून शोधतोय. कोरड्या चपलेत झिणझिण्या आहेत, ओल्या पायांनी वेगळं होऊ शकतं.

मी पाहिलेल्या अशा घरांत बहुतेक वेळा दोष एकच असतो. आतला बोर्ड किंवा कोपऱ्याची पट्टी बसवताना सेल्फ ड्रिलिंग स्क्रू आतल्या वायरिंगमध्ये जातो. कारखान्यात चेक होतं तेव्हा ठीक असतं, साइटवर पट्ट्या मारताना घोळ होतो. लायसन्सवाला वायरमन बोलवा, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन बघायला सांगा. बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे का बघा. असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून पडतो का तेही बघा.

अजून एक. तुमचं घर दोन तुकड्यांचं आहे. अर्थिंगची पट्टी एकाच तुकड्याला जोडून मोकळे होतात लोक. मधे बोल्ट आहेत हे खरं, पण रंगावरून आणि रबराच्या पट्टीवरून गेलेल्या बोल्टवर अर्थिंगचा भरवसा ठेवायचा नसतो. दोन्ही सांगाड्यांमध्ये वेगळी पट्टी हवी, रंग खरवडून. वायरमनकडून रीडिंग आणि दोष कागदावर लिहून सही घ्या. पुढे कामाला येईल.

अंबड लिंक रोड

तारवाल्यांचं आधी करा, मग माझं वाचा. मी ह्याच धंद्यातला, शेड-केबिन बनवतो. तुमची कंपनी कोणती ते मला नको, इथे लिहूही नका.

रंधा मारू देऊ नका. दार चुकलेलं नाही, चौकट तिरकी झालीये. आज रंधा मारलात तर दिवाळीनंतर जमीन सुकेल, चौकट परत सरळ होईल आणि दाराला वर बोटभर फट दिसेल. सिलिकॉनचंही तेच. तुमच्या यादीतला टण् टण् आणि करंट सोडला तर उरलेलं सगळं एकाच कारणाचं आहे, घर लेव्हलमध्ये नाही. आधी लेव्हल, मग जोड, मग दारं, सगळ्यात शेवटी फटी भरणं. त्यांना उलट क्रम आवडतो कारण तो स्वस्त पडतो.

आता खरा मुद्दा. इंजिनीअर म्हणतो मधला भाग बसला. मला तसं वाटत नाही. मला वाटतं तुमची पश्चिमेची कड वर उचलली गेलीये.

हसू नका. पक्क्या घराचं ओझं एवढं असतं की काळी माती फुगली तरी त्याला उचलताना तिचा दम जातो. तुमचं घर पफ पॅनलचं (पत्र्यांमधे फोम भरलेलं), वजनाला हलकं. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, पाणी प्यायली की फुगते, सुकली की आक्रसते. ज्या भेगांत तुमची बोटं जात होती ना, ती आक्रसलेली माती. त्या कोरड्या मातीत एप्रिलमध्ये पेडेस्टल केले. पावसाळ्यात छपराचं पाणी पश्चिमेच्या रांगेशी पडलं. पन्हळ आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे नसणार. मधल्या दोन रांगा घराखाली झाकलेल्या, तिथे ओल फार बदलत नाही. नाचते ती कडेची रांग.

पण मधलं बसलं काय आणि कड उचलली काय, बेडरूममध्ये हरभरा जोडाकडेच घरंगळणार. दोन्हीत छपराचा जोड वर आवळला जाणार आणि फरशीची पट्टी खाली उघडणार. मग ओळखायचं कसं? पूर्वेच्या खोलीत हरभरा टाका. तिथलाही जोडाकडे आला तर मधलं खाली गेलंय आणि इंजिनीअर बरोबर. जागेवर राहिला तर पूर्वेचा तुकडा सरळ आहे, म्हणजे मधली रांग आणि पूर्वेची रांग एका लेव्हलला आहेत आणि हललेली फक्त पश्चिम.

हरभऱ्यावर कोणी पैसे देणार नाही, म्हणून नंतर नीट मोजा. लेझर नको, मिस्त्रीकडची पारदर्शक लेव्हल ट्यूब पुरे. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, तेवढं एक सांभाळा. सोळाही पेडेस्टलजवळ चासीच्या (घराच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या) खालच्या कडेची उंची घ्या, आणि सगळी मापं एकाच पक्क्या खुणेपासून. शेतात जुनी विहीर असेल तर तिच्या बांधीव काठावर खडूने खूण करा. नवी विहीर नको, खडकापर्यंत बांधलेली जुनी. वहीत तारीख घालून लिहा, फोटोत पट्टी दिसली पाहिजे. हीच मापं डिसेंबरात परत घ्यायची आहेत, मे महिन्यात परत.

मापं घेताना प्रत्येक पेडेस्टल आणि चासी यांच्या मधे जुनं पोस्टकार्ड सरकवून बघा. जिथे कार्ड आरपार जातं तिथे घर पेडेस्टलवर टेकलेलंच नाही, शेजारच्यांनी उचलून धरलंय. आणि हेही बघा, चासी बेसप्लेटला (पेडेस्टलवरच्या लोखंडी प्लेटला) वेल्ड केलीये की नुसती ठेवलीये. वाऱ्याच्या कोडात नाशिकला ३९ मीटर प्रति सेकंद धरतात, ताशी १४० किलोमीटर झाले. अवकाळीच्या वावटळीत हलकं घर नुसतं ठेवून चालत नाही.

छपराच्या जोडाबद्दल. व्हिनेगरचा वास म्हणजे अ‍ॅसिटिक सिलिकॉन, काचेला लावतात ते. जस्ताच्या पत्र्याला ते खातं. सगळं खरवडून काढायला लावा. तिथे मुळात रुंद रिज कॅप (कण्यावरची पत्र्याची टोपी) पाहिजे, खाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), आणि लावायचंच तर न्यूट्रल सिलिकॉन. पाणी अडवायचं काम कॅपचं, सिलिकॉन हा दुसरा पहारेकरी. कॅपच्या तुकड्यांचे आणि पत्र्याचे ओव्हरलॅप कोणत्या तोंडाला आहेत तेही बघा. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिमेकडून. लॅपचं तोंड वाऱ्याच्या दिशेला असेल तर वारा पाणी आत ढकलणारच. स्क्रूचे रबरी वॉशर बाहेर चपटे होऊन फुललेले दिसले तर ड्रिल जास्त आवळलंय, तिथूनही गळतं.

टण् टण् हा दोष नाही. छपराच्या ३० फूट लांबीत पत्रा, ३० अंशांच्या फरकाला, ३ मिलीमीटरच्या वर ताणतो-आक्रसतो. दिवसभर तापलेला, रात्री गार होताना स्क्रूपाशी अडून सुटतो, त्याचा आवाज. थंडीत जास्त येईल. तुमचे हे बरोबर म्हणतात. तक्रारीच्या अर्जात हे घालू नका, एक फुसकी तक्रार बाकीच्या खऱ्या तक्रारींची किंमत घालवते.

मोहाडीकर

आमच्या द्राक्षबागेत मजुरांसाठी अशाच दोन खोल्या आहेत. सांगायचं एवढंच की पाऊस उघडला की सगळं जागेवर येतं. आमचंही दार अडकायचं, ऑक्टोबर छाटणीला आलो की सुटलेलं असायचं. एवढं मोजमाप कशाला? दिवाळीपर्यंत थांबा, नव्वद हजार देऊन टाका, संबंध चांगले ठेवा. पुढे दुरुस्तीला तेच येणार आहेत.

अंबड लिंक रोड

मोहाडीकर दादा, मजुरांच्या खोलीत दार अडकलं तर चालतं, बाथरूमचं पाणी उलटं गेलं तरी चालतं. राहत्या घरात दरवर्षी वर-खाली झालं की तिसऱ्या वर्षी पाण्याचे पाइप सांध्यातून सुटतात आणि पॅनलची जीभ खाचेतून निसटते. परत जागेवर येतं हे मात्र तुमचं खरं आहे, आणि म्हणूनच मापं आत्ता घ्यायला सांगतोय. डिसेंबरात कंपनीचा माणूस येऊन म्हणेल, "कुठे काय, सगळं सरळ आहे."

सीबीएस समोर

वकिली करतो, ग्राहक आयोगात उभा राहतो. इथे लिहितोय तो सल्ला नाही, दिशा समजा. कागद बघितल्याशिवाय कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

सगळ्यात आधी, रेरा रेरा (बिल्डरांच्या प्रोजेक्टचा कायदा) करत जाऊ नका. तुमच्यात प्रमोटर नाही, प्रोजेक्ट नाही. तुमच्याच जमिनीवर तुम्ही एक तयार वस्तू आणि ती बसवायची सेवा विकत घेतलीत. तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९. वस्तूत दोष आणि सेवेत त्रुटी, दोन्ही त्यात बसतात. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तुमच्या रकमेला, म्हणजे १० ते २० लाखांच्या टप्प्याला, फी ४०० रुपये. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत. कंपनी बाहेरगावची असली तरी कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकलाच तक्रार करता येते. त्याआधी १९१५ ला (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला) फोन करून नोंद करा, कधी कधी तेवढ्यानेही कंपनीची भाषा बदलते.

पण प्रकरण उभं राहील ते "सिव्हिल तुमचं" ह्या वाक्यावर, म्हणून कागद बाहेर काढा. इनव्हॉइस बघा. नुसतं सामान पुरवल्याचं आहे की "सप्लाय अँड इरेक्शन" (पुरवठा आणि उभारणी) लिहिलंय? इरेक्शनचे पैसे घेतले असतील तर ज्या पेडेस्टलवर घर ठेवलं ते ठेवण्याजोगे आहेत की नाहीत, हे न बघता ठेवलं, ही त्यांची त्रुटी. कोटेशन, वॉरंटी कार्ड, ड्रॉइंग सगळं. ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असेल तर चॅट पुसू नका, फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते नंतर बघू.

दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने सुरू करू नका, करंटची सोडून. ती तातडीची आहे, करा आणि बिल ठेवा. बाकीच्यासाठी आधी लेखी कळवा, अमुक तारखेला संयुक्त पाहणी ठेवली आहे, हजर राहा. ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही. नाही आले तर स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून अहवाल घ्या.

नव्वद हजारांबद्दल मोहाडीकरांशी मी सहमत नाही. पण नुसतं गप्प बसून अडकवूही नका. लिहून द्या, "पुढील दोष दूर होताच रक्कम अदा करू", आणि खाली दोष मांडा. नाहीतर उद्या तेच म्हणतील, ग्राहकानेच पैसे थकवले म्हणून आम्ही काम थांबवलं.

पाथर्डी फाटा

विषयाला थोडं सोडून. माझा मेहुणा टेक्सासला अशाच घरात राहतो. तिकडे कारखान्यात बनून चासीवर येणाऱ्या घरांना १९७६ पासून केंद्र सरकारचा वेगळा कोड आहे. कारखाना, विकणारा आणि बसवणारा एकमेकांकडे बोट दाखवतात हे तिथेही इतकं चालायचं, की घर पहिल्यांदा बसवल्यापासून एका वर्षात कळवलेल्या दोषांसाठी तंटा सोडवायची वेगळी सरकारी व्यवस्था केलीये. जबाबदारी कोणाची हे तिथे ठरतं, ग्राहकाला तिघांच्या मागे पळावं लागत नाही. तुमचा तिसरा, ट्रान्सपोर्टवाला, वाचून आठवलं. असो.

शेतावरची

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, मधे वीज नव्हती (ह्या वेळी आम्हीच पाडलेली).

करंट आधी. सातपूरहून वायरमन आले. बाथरूमच्या मागच्या भिंतीतली कोपऱ्याची पट्टी काढली तर गिझरच्या वायरीत स्क्रूचं टोक घुसलेलं, प्लास्टिक काळं पडलेलं. मी स्वतः बघितलं. आरसीसीबी बोर्डात होता पण गिझरची लाइन त्याच्या अलीकडूनच घेतलेली! अर्थिंग फक्त पूर्वेच्या तुकड्याला. सगळं दुरुस्त केलं, दोन्ही सांगाडे पट्टीने जोडले, रीडिंग लिहून सही घेतली. स्क्रू आणि वायरीचा तुकडा डबीत ठेवलाय.

सुताराला चहा पाजून परत पाठवलं.

पूर्वेच्या खोलीत हरभरा टाकला. हलला नाही. परत टाकला, वेगवेगळ्या ठिकाणी. नातू हिरमुसला, मी खूश. मग आमच्या मिस्त्रीलाच बोलावलं, म्हटलं तुझ्यावर आळ आहे, तूच नळी धर. सासऱ्यांच्या काळातली विहीर आहे, तिच्या काठावर खूण केली. पूर्वेची आणि मधल्या रांगा एकमेकींशी दोन-तीन मिलीमीटरच्या आत. पश्चिमेची रांग दक्षिणेकडून उत्तरेकडे मधल्या रांगेपेक्षा ९, १४, १७ आणि २२ मिलीमीटर वर. मिस्त्री वहीतले आकडे पुन्हा पुन्हा वाचत होता. पोस्टकार्ड पश्चिमेला लागून असलेल्या मधल्या रांगेत दोन ठिकाणी आरपार गेलं. चासी कुठेही वेल्ड केलेली नाही.

उत्तरेकडे सगळ्यात जास्त का, हेही कळलं. ह्यांनी टॉर्च घेऊन खाली वाकून बघितलं तर बाथरूमचा सांडपाण्याचा पाइप कोपरावर सुटलाय आणि सगळं पाणी त्या कोपऱ्यातल्या पेडेस्टलच्या बुडाशीच जातंय. म्हणजे पावसाने उघडीप दिली तरी आम्ही रोज आंघोळ करून त्याला पाणी पाजत होतो.

आता वकीलसाहेबांसाठी. इनव्हॉइसवर "सप्लाय अँड इरेक्शन" आहे. ड्रॉइंगमध्ये मात्र एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत "हार्ड स्ट्राटा गृहीत" (खाली कठीण थर आहे असं धरून) असं लिहिलंय, आणि खड्ड्याची खोली ४५ सेंटीमीटर. हे वाचून माझं अवसानच गळालं होतं. पण कोटेशनच्या पहिल्या ओळीत "साइट सर्व्हे : ३,५००" आहे, आणि ते पैसे आम्ही दिलेत, पावती आहे. त्यांचा माणूस मार्चमध्ये येऊन जमीन बघून, फोटो काढून, आमच्याकडे पोहे खाऊन गेला होता. त्याच फोटोंत भेगा दिसतायत, कारण ते फोटो त्याने ह्यांनाही पाठवले होते.

पन्हळ नाही, बरोबर ओळखलंत. ती आत्ता लगेच लावली तर "दुरुस्ती सुरू केली" असं होईल का? आणि ती चार पेडेस्टल खोदायची कधी?

सीबीएस समोर

पन्हळ लावा, पाइपही जोडून घ्या. नुकसान वाढू नये म्हणून केलेली गोष्ट तुमच्या बाजूचीच आहे, आधी फोटो काढा एवढंच. सर्व्हेचे पैसे घेऊन, भेगा पडलेल्या काळ्या जमिनीचे फोटो काढून, वर "हार्ड स्ट्राटा गृहीत" लिहून ४५ सेंटीमीटरचं ड्रॉइंग पाठवणं, ह्यावर मला त्यांच्या वकिलाचं उत्तर ऐकायला आवडेल. संयुक्त पाहणीचं पत्र ह्याच आठवड्यात जाऊ द्या. पत्रात सर्व्हेचा उल्लेख करा, फोटो मात्र सगळे आत्ताच पाठवू नका.

अंबड लिंक रोड

पन्हळीचं पाणी नुसतं खाली सोडू नका. पाइपने घरापासून निदान दहा फूट लांब, उताराच्या दिशेला न्या, विहिरीकडे नको. पश्चिमेच्या भिंतीलगत तीन-चार फूट रुंदीचा मुरूम दाबून, बाहेर उतार देऊन कोबा करा. तिथे आंबा-बिंबा लावायचा विचार असेल तर सोडा. मोठं झाड उन्हाळ्यात तिथली ओल ओढतं, मग तीच कड उलटी खाली जाते.

पेडेस्टल आत्ता खोदायचे नाहीत. ओल्या मातीत खड्डा ढासळतो आणि आज ज्या लेव्हलला घर बसवाल ती डिसेंबरात खोटी ठरेल. पाऊस संपून वरची माती वाळली की पश्चिमेचे चारही काढायचे, मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. गिरणाऱ्याच्या पट्ट्यात काही ठिकाणी चार-पाच फुटांवरच लागतो, खात्रीसाठी आधी एक खड्डा घेऊन बघा. फारच खोल असेल तर अंडररीम्ड पाइल (बुडाशी फुगीर केलेला खोल काँक्रीटचा खांब), तो खर्च वेगळा आणि तो इंजिनीअरकडूनच काढून घ्या. मधल्या रांगा सध्या ठीक आहेत, पण त्याही दीड फुटांवरच आहेत हे अहवालात लिहून घ्या. झाकलेल्या जमिनीत ओल हळूहळू साठते, दोन-तीन वर्षांत त्याही थोड्या वर येऊ शकतात.

आणि ते कंपनीने केलं काय, तुम्ही केलं काय, जॅक लावायच्या दिवशी तिथे उभ्या राहा. आधी मधल्या जोडाचे बोल्ट सैल करायचे. जॅक चासीच्या आडव्या बीमखाली, पॅनलच्या कडेखाली कधीच नाही. चारही ठिकाणी थोडं थोडं, एका कोपऱ्यात एकदम नाही. खाली भरायला लोखंडी प्लेट, विटांचे तुकडे किंवा लाकडाची फळी कोणी आणली तर काम थांबवा. लेव्हल जुळली की बोल्ट आवळा, चासी बेसप्लेटला वेल्ड, वेल्डवर रंग. वेल्डिंग करताना घराचा मेन बंद आणि भिंतीलगतचं पफ ओल्या गोणपाटाने झाकलेलं हवं, त्याला आग पटकन धरते. सांडपाण्याच्या पाइपला त्या कोपरात सरळ पक्का जोड न देता लवचिक तुकडा टाकायला सांगा.

दारं त्यानंतर आठवडाभर तशीच राहू द्या. बहुतेक सुताराची गरजच लागणार नाही, आणि लागली तर बिजागरीखाली पुठ्ठ्याची पट्टी घालून भागेल.

शेतावरची

पन्हळवाला पेठ रोडचा मिळालाय, शनिवारी येतोय. सुटलेला पाइप ह्यांनी तात्पुरता रबरी नळी लावून बाहेर काढला. पत्राचा मसुदा वकीलसाहेबांना व्यक्तिगत संदेशात पाठवते. संयुक्त पाहणीला मिस्त्रीही हजर राहणार म्हणतो, लेव्हल ट्यूब घेऊन. डिसेंबरची मापं इथेच टाकेन.